कौलापासून हरकतीपर्यंत

शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला, की महापालिकेच्या कचेरीतील एखाद्या लांबट दालनात नकाशाचे भले मोठे तक्ते भिंतीला लागतात, आणि एरवी त्या इमारतीची पायरी घरपट्टी भरण्यापुरतीच चढणारी माणसे त्या तक्त्यांपुढे दाटीवाटीने उभी राहून आपापले घर बोटाने शोधू लागतात. प्रथम नदी सापडते, मग रेल्वेचा मार्ग, मग एखादे देऊळ किंवा शाळा; तेथून बोट हळूहळू सरकत आपल्या गल्लीपाशी येते, सिटी सर्व्हे नंबर जुळतो, आणि त्या चौकोनावर हिरवा रंग आहे की पिवळा, रस्त्याची रेघ त्यावरून गेली आहे की बाजूने, यावर त्या कुटुंबाची पुढील वीस वर्षे अवलंबून राहतात. 'आमच्यावर आरक्षण पडले' हे वाक्य आपल्या शहरांतून ज्या स्वरात उच्चारले जाते, त्याच स्वरात पूर्वी दुष्काळ पडल्याची, वीज पडल्याची वार्ता सांगितली जात असे; क्रियापदही तेच आहे. यानंतर त्या रहिवाशाला ठरावीक मुदतीत आपली 'हरकत वा सूचना' लेखी नोंदविता येते, आणि टेबलामागचा कारकून त्याच्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच देतो. ही पोच लोक सातबाऱ्याच्या आणि खरेदीखताच्या सोबत जपून ठेवतात, कारण शहराच्या भवितव्याविषयी आपल्याला काही विचारले गेले, याचा तेवढाच दाखला त्यांच्यापाशी असतो.

गावाच्या पुढील रचनेविषयी गावकऱ्यांना विचारण्याची ही रीत आपल्याकडे कोठून आली, आणि विचारणा नकाशाच्या आधी होत होती की नंतर, या प्रश्नाचा माग काढू लागले असता पुण्यासारख्या शहराच्या इतिहासात फार मागे, पेठांच्या जन्मापर्यंत जावे लागते.

कौल हा शब्द अरबीतून फारशीच्या वाटेने मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ, दिलेला शब्द. आपल्या जुन्या दफ्तरांत कौलनामा म्हणजे धन्याने रयतेला दिलेले अभयपत्र: ओसाड गावी येऊन राहा, जमीन लागवडीस आणा, दुकान मांडा, अमुक वर्षे पट्टी घेणार नाही, पुढे चढत्या क्रमाने घेऊ, वेठीस धरणार नाही. विजापूरच्या मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केलेले पुणे जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांनी पुन्हा वसविले, तेव्हाची सोन्याच्या नांगराची कथा परंपरेने प्रेमाने जपली आहे. परंतु नांगराच्या एका तासाने गाव वसत नाही. परागंदा झालेली कुळे परत येण्यास राजी व्हावी लागतात, आणि ती राजी व्हावयाची तर त्यांच्या अडचणी व अटी कोणीतरी ऐकून घ्याव्या लागतात. पेशवाईत पेठा वाढल्या त्याही याच रीतीने. जागा सरकारची, परंतु पेठ उभी करण्याचे काम एखाद्या मातबर गृहस्थाकडे सोपविले जाई, जसे शुक्रवार पेठेचे काम जिवाजीपंत खासगीवाल्यांकडे होते. मग बाहेरगावच्या उदम्यांना, साळ्यांना, तांबटांना, सराफांना बोलावणी जात, जकात आणि मोहतर्फा यांत किती सूट, किती वर्षे, याची घासाघीस होई, आणि तीतून जे निष्पन्न होई ते कागदावर येऊन पेठेचा शेटे आणि महाजन यांच्या वतनासह कायम होई. कारागीर यावयास तयार नसेल, तर पेठेचा आराखडा कितीही सुबक असला तरी ती पेठ रिकामी राहणार, हे राज्यकर्त्याला ठाऊक होते. त्या काळी जमीन मुबलक होती आणि माणूस दुर्मिळ. म्हणून माणसाला आधी विचारले जात होते.

याला लोकशाही म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. शिवेचा, वाटेचा किंवा पाण्याचा तंटा पडला, की गोत बसे, साक्षी होत, आणि निर्णयाचा महजर लिहून त्याखाली प्रत्येक हक्कदार आपापली निशाणी करी. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा अशा त्या निशाण्या पिवळ्या पडलेल्या कागदावर आजही पाहिल्या, की सारा गाव एका पानावर येऊन बसल्यासारखा वाटतो. पण त्या पानावर गावातील निम्मी माणसे, म्हणजे स्त्रिया, एखाद्या वतनदारिणीचा अपवाद सोडला तर, जवळजवळ नसत. आणि शिवेच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, कारण शीव त्याच्या पायाखालची. तथापि ज्या गावाची शीव तो अंधारातही ओळखीत होता, त्या गावात त्याचे स्वतःचे घर कोठे असावे, हे त्याला कोणी कधी विचारले नाही. ही उणीव मी मुद्दाम येथे नोंदवितो, कारण पुढील दीडशे वर्षांत विचारण्याच्या तऱ्हा पुष्कळ बदलल्या, परंतु कोणाला विचारावयाचे नाही याची यादी फार सावकाश बदलली.

इंग्रजी अंमलात नगरपालिका आल्या त्या मात्र, आजच्या वाचकाला नवल वाटेल अशा रीतीने, रहिवाशांच्या अर्जावर. त्याआधी १८४२ साली बंगाल प्रांतासाठी जो कायदा झाला, त्यात घरांवर प्रत्यक्ष कर होता, म्हणून तो जवळजवळ कोणत्याच गावाने पत्करला नाही. मग १८५० सालचा २६ वा कायदा आला. त्याची योजना अशी, की एखाद्या गावच्या लोकांनी इच्छा दर्शवावी, सरकारने तशी जाहीर नोटीस काढावी, कोणाचे म्हणणे विरुद्ध असल्यास ते ऐकावे, आणि लोकांची खरोखरीच इच्छा आहे अशी खात्री झाल्यावर तो कायदा त्या गावी लागू करावा. पैसा उभारण्यासाठी जकातीसारखे अप्रत्यक्ष कर चालतील. हा कायदा मुंबई इलाख्यातच विशेष पसरला, आणि सोलापूर, सातारा, पुणे यांसारख्या गावांच्या नगरपालिका त्या दशकात अस्तित्वात आल्या. अर्ज करणारे 'लोक' म्हणजे बव्हंशी व्यापारी, इनामदार आणि नवशिक्षित नोकरदार. कित्येक ठिकाणी कलेक्टरसाहेबांची इच्छा हीच गावाची इच्छा ठरली असणार. तरीही 'गावाची इच्छा' नावाची काही गोष्ट आहे, आणि कारभार सुरू करण्याआधी ती अजमावली पाहिजे, हे तत्त्व एकदा कायद्याच्या कलमात लिहिले गेले, आणि पुण्यात ते फार मनावर घेणारी माणसे निघाली.

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषाचे होते. परंतु तिचे सूत्रधार गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुढे सारा महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणू लागला, यांनी सभासदत्वाला जी अट घातली तिच्यासारखी अट मला त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेत आढळलेली नाही. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणून दाखवावा, असा तो नियम होता. मुखत्यारनामा हा कोर्टकचेरीतला दस्तऐवज. जमिनीच्या खटल्यात, वारसाच्या वादात आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार दुसऱ्याला देण्याचा. काका स्वतः वकील होते. त्यांनी तोच कागद उचलून सार्वजनिक कार्यात आणला, आणि 'मी लोकांच्या वतीने बोलतो' असे म्हणणाऱ्याला 'कोणत्या लोकांच्या, त्यांची नावे दाखव' असे विचारण्याची सोय करून ठेवली. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी सहा हजारांच्या आसपास माणसांचे मुखत्यारनामे होते. प्रतिनिधित्व म्हणजे काय, यावर त्यानंतर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पन्नास शेजाऱ्यांच्या दारी जाऊन, काय करावयाचे ते समजावून सांगून, त्यांची सही घेऊन येणारा माणूस डोळ्यांपुढे आणला, की त्यातील सार कळते. पुढे न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने या सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची आणि १८७६-७७च्या दुष्काळाची गावोगाव चौकशी केली, ती याच सवयीचा विस्तार होता. आधी विचारावे, मग लिहावे.

नगरपालिकेत मात्र ही सवय सहजी रुजली नाही, आणि त्याची साक्ष आजही पुण्याच्या मध्यावर दगडी शिखर उंचावून उभी आहे. भाजीवाले, फळवाले पूर्वी शनिवारवाड्यापुढच्या उघड्या पटांगणात बसत. त्यांच्यासाठी एक भव्य मंडई बांधावी असे नगरपालिकेने ठरविले, आणि १८८६ साली 'रे मार्केट' या नावाने ती उघडली. या खर्चाला ज्यांनी विरोध केला ते जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते. गावात गोरगरिबांच्या मुलांच्या शाळांची वानवा असताना एवढी रक्कम एका इमारतीत घालणे त्यांना अन्यायाचे वाटत होते. ज्यांच्या नावाने मंडई बांधावयाची, त्या माळणींना आणि कुणबिणींना छपराची गरज आधी होती की मुलाच्या अक्षरांची, हे त्यांना विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते, ते आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यांचे उत्तर कोणत्याही दफ्तरात नाही, कारण प्रश्नच टाकला गेला नाही. फुल्यांचा विरोध बाजूस सारून मंडई झाली, ती शहराच्या उपयोगीही पडली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचेच नाव देण्यात आले. त्या अष्टकोनी इमारतीखालून जाताना मला दर वेळी असे वाटते, की हे नाव देण्यात जो गौरव आहे, त्याहून मोठी एक थकबाकी त्या नावात नोंदलेली आहे.

१८९६-९७च्या प्लेगने तर विचारण्याची गोष्टच मोडीत काढली. पुण्यात गोरे शिपाई घरांत शिरून तपासणी करू लागले, त्याचा परिणाम काय झाला तो सर्वज्ञात आहे. मुंबईत १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्त्या पाडून हवेशीर रस्ते काढण्याचे काम हाती घेतले. रस्ते खरोखरीच झाले, प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँढर्स्ट रोड झाला, दादर-माटुंग्याची प्रशस्त वसाहत झाली. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या ती माणसे दादरला गेली नाहीत, ती शेजारच्या चाळींत आणखी दाटीने शिरली, आणि एका गल्लीतला रोग दुसऱ्या गल्लीत हलला. कामाच्या जागेपासून, उधारीवर धान्य देणाऱ्या वाण्यापासून, गावाकडच्या माणसांपासून किती अंतरावर राहणे परवडेल, हे हिशेब त्या माणसांच्या डोक्यात होते, आराखड्यात नव्हते.

अशा काळात, १९१४च्या शरदात, पॅट्रिक गेडिस नावाचा साठीचा एक स्कॉटिश प्राध्यापक हिंदुस्थानात आला. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून नगररचनेचे आपले प्रदर्शन घेऊन येत होता. ज्या बोटीत त्याचे नकाशे व चित्रे होती ती जर्मनांच्या 'एमडेन' युद्धनौकेने बुडविली, तरी गडी खचला नाही. मित्रांनी नवी सामग्री जमवून पाठविली आणि १९१५च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन उघडले. पुढील काही वर्षांत त्याने ठाण्यापासून मदुरेपर्यंत आणि लाहोरपासून बडोद्यापर्यंत अनेक गावांचे अहवाल लिहिले. त्याचे काम करण्याचे तंत्र आपल्या इंजिनियरांना चमत्कारिक वाटले असले पाहिजे. तो नकाशा हातात घेऊन आधी गल्लीत पायी हिंडे, विहिरीवर थांबे, पारावर बसे, कोणते घर राहते आणि कोणते पडीक आहे ते पाही, आणि मग जेथे भलामोठा सरळ रस्ता सुचविला गेला होता तेथे दोनचार पडकी घरे काढून, एखादे झाड राखून, गल्लीला श्वास घेण्यापुरती जागा करून देई. डॉक्टरने अवयव तोडण्याआधी तो वाचतो का ते पाहावे, तसे हे होते, आणि खर्चही पुष्कळ कमी येई.

परंतु लोकांना विचारण्याच्या इतिहासात गेडिसचे नाव राहील ते होळकरांच्या इंदूरमुळे. मराठी राज्यकर्त्यांच्या त्या शहरात प्लेग ठाण मांडून बसला होता, तुकोजीराव महाराजांनी गेडिसला बोलावले होते, आणि हातात कागद घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या या साहेबाकडे लोक भयाने पाहत होते. हा घरे पाडावयास आला आहे, अशीच समजूत होती. ही भीती त्याच्या ध्यानात आली. त्याने पुढे स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की त्याने महाराजांकडे एक दिवसाचे राज्य मागितले आणि दवंडी पिटविली, की येत्या दिवाळीला शहरातून मोठी मिरवणूक निघेल, परंतु तिचा मार्ग हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या नेहमीच्या मिरवणुकीचा नसेल. ज्या रस्त्यांवरील लोक आपली घरे जास्तीत जास्त स्वच्छ आणि नीटनेटकी करतील, त्या रस्त्यांवरून ती जाईल. केर मोफत वाहून नेण्याची व्यवस्था केली. मग काय झाले ते कोणत्याही गावात राहिलेल्या माणसाला कल्पनेनेच कळेल: शेजारच्या आळीने पांढरी माती काढली म्हणून या आळीने काढली, दारापुढची डबकी बुजली, वर्षानुवर्षांचा कचरा हजारो गाड्यांनी बाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती होते, पिकांचे आणि कारागिरांच्या उद्योगांचे देखावे होते, रावणाबरोबर प्लेगच्या उंदराचीही प्रचंड प्रतिमा जाळण्यासाठी होती, आणि ज्यांच्या हातांनी शहर स्वच्छ झाले होते ते मेहतर नव्या शुभ्र वस्त्रांत, फुले लेवून, ताठ मानेने चालत होते. त्यांच्यामागून इंदूर नगरीची देवता आली, आणि तिच्यासोबत होता शहराचा नवा आराखडा. होऊ घातलेल्या ग्रंथालयाचे, बागांचे देखावे लोकांच्या डोळ्यांसमोरून गेले. तुळशीची रोपे वाटली गेली.

या प्रसंगाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. महाराजांच्या आज्ञेचे बळ मागे होते, आणि एका दिवसाच्या उत्सवाने नगररचना होत नाही, हे खरे. तरीही ज्या समाजात बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती, त्या समाजाला आराखडा दाखविण्याची याहून प्रामाणिक तऱ्हा मला सुचत नाही. गेडिसने लोकांना अर्ज लिहावयास लावले नाहीत. त्यांच्या ओळखीच्या भाषेत, म्हणजे सणाच्या आणि मिरवणुकीच्या भाषेत, तो आपला विचार घेऊन त्यांच्या दारी गेला आणि त्यांचे उत्तर त्यांनी झाडून, सारवून, रंगवून दिले. इंदूरचे त्याचे दोन खंडांचे अहवाल १९१८ साली छापले गेले. पुढील वर्षी तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा पहिला प्राध्यापक झाला, आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी पुढे त्या विभागाला आकार दिला.

त्याच सुमारास कायद्यातही एक मोलाची गोष्ट घडली होती. १९१५चा मुंबई नगररचना कायदा हा या देशातील आपल्या जातीचा पहिला. त्यात एखाद्या भागातील सर्व जमिनी एकत्र कल्पून, रस्ते व मोकळ्या जागा वगळून, उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे भूखंड मूळ मालकांना परत वाटून द्यावयाचे असत. आणि हे वाटप ठरविण्यासाठी एक लवाद नेमलेला असे. हा लवाद प्रत्येक मालकाला बोलावून त्याचे ऐके. कोणाची विहीर नव्या रस्त्यात जाते, कोणाला भावाच्या शेजारीच तुकडा हवा आहे, कोणाच्या वडिलांची समाधी कोपऱ्यात आहे, असल्या गोष्टी त्याच्यापुढे येत, आणि त्यांतील काही अंतिम भूखंडाच्या रेषेत उतरतही. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले, पुण्याकडील भांबुर्डे या भागांची आजची आखणी अशा योजनांतून आली. काम कूर्मगतीचे, एकेक योजना वर्षानुवर्षे चाले. त्या संथपणाला लोक कंटाळले आणि सरकारही. मला मात्र त्यात वेळ वाया गेलेला दिसत नाही, कारण एका माणसाचे दुसऱ्याने पूर्ण ऐकून घेण्यास तेवढा वेळ लागतोच. दोष वेगळा होता. लवादापुढे उभे राहण्याचा हक्क जमिनीच्या मालकाचा. त्या जमिनीवर झोपडी घालून किंवा भाड्याने राहणाऱ्याचे म्हणणे कोणाच्या वहीत येत नव्हते.

त्यांच्या दारी प्रथम गेले ते गोखले संस्थेचे पाहणीकार. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. ठरावीक पद्धतीने निवडलेल्या घरी जाऊन, खोल्या किती, माणसे किती, भाडे काय, पाणी कोठून, कामाला कोण कोठे जाते, असे प्रश्न विचारले गेले, आणि त्या उत्तरांचे दोन ग्रंथ १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. विडी वळणारी, हमाली करणारी, धुणीभांडी करणारी माणसे शहराच्या हिशेबात आली ती अशी. त्यांना 'काय हवे' हे विचारले गेले नव्हते, 'काय आहे' एवढेच विचारले गेले होते. पण ज्याचे काय आहे हेच ठाऊक नाही त्याच्यासाठी योजना आखणारा अंधारात रेघ मारतो, हे गाडगीळ जाणून होते. १९६५ साली मुंबई-पनवेल आणि पुणे या प्रदेशांच्या नियोजनासाठी शासनाने समिती नेमली तिचे अध्यक्षही तेच होते, आणि तिच्या शिफारशींतून महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याला बळ मिळाले.

हा अधिनियम ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला, आणि आज आपण ज्याला 'डीपी' म्हणतो त्याची सारी मांडणी त्यावर आधारलेली आहे. प्रथम इरादा जाहीर करणे, मग विद्यमान जमीन-वापराचा नकाशा, मग मसुदा, मग हरकती व सूचना. त्यांच्या सुनावणीसाठी एक नियोजन समिती, जिच्यात स्थायी समितीचे तीन सभासद आणि या विषयाचे जाणकार. मग शासनाची मंजुरी. कलमे वाचली तर सद्हेतूविषयी शंका राहत नाही. परंतु कौलाच्या, मुखत्यारनाम्याच्या आणि लवादाच्या मानाने क्रम पालटला होता, आणि ज्या शब्दाने रहिवाशाला बोलाविले गेले तो शब्दही बदलला होता. हरकत म्हणजे अडथळा. 'माझी काही हरकत नाही' हे आपण दुसऱ्याच्या बेताला मान डोलावताना म्हणतो. बेत आपला असेल तर हा शब्द तोंडी येतच नाही. ज्याला आपल्या गल्लीत पाळणाघर हवे होते, नदीकाठची पायवाट हवी होती, तोही कचेरीत येऊन 'हरकत'च नोंदवू लागला.

त्या हरकतींचा आकडा मग एवढा वाढला, की ऐकणे हीच एक अशक्य गोष्ट होऊन बसली. २०१३ साली पुण्याच्या जुन्या हद्दीचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. प्रत्येकाला पाच मिनिटे द्यावयाची म्हटली आणि समिती रोज आठ तास बसली, तरी आठशेहून अधिक दिवस लागतील. हजारो अर्ज एकाच मजकुराचे, छापील, खाली फक्त सही निराळी. अधिकाऱ्यांना ते निरर्थक वाटले. मला त्यांत काकांचा मुखत्यारनामा पुन्हा दिसला, फरक एवढाच, की पन्नास सह्यांच्या पाठबळाने बोलणारा माणूस आता नियमात कोठे बसत नव्हता, म्हणून प्रत्येक सहीला सुटे होऊन रांगेत उभे राहावे लागत होते. समितीत एकवाक्यता झाली नाही, २०१५ साली योजना शासनाने आपल्या हाती घेतली, आणि मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये आली.

मुंबईत त्याच सुमारास याहून मोठा प्रसंग घडला. २०३४ पर्यंतच्या योजनेचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये निघाला, आणि त्यात अस्तित्वात असलेली देवळे, चर्च, शाळा, जुन्या वास्तू यांच्या नोंदी चुकलेल्या लोकांना आढळल्या. ६० हजारांहून अधिक हरकती आल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदाच रद्द करून नव्याने करण्याचा आदेश दिला. नवा मसुदा २०१६ साली आला. शहरातील माणसे आपल्या शहराला नकाशा करणाऱ्यांपेक्षा अधिक बारकाईने ओळखतात, हे त्या वेळी जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसले असेल. चुका शोधण्यासाठी लोकांनी जी रात्र-रात्र जागरणे केली, ती नकाशा रंगविण्याआधी मागितली असती तर त्यांनी आनंदाने दिली असती.

गोव्यात ते काही अंशी मागितले गेले. तेथील २०११ सालपर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या चळवळीने जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावा लागला, आणि नव्या आराखड्यासाठी जी समिती बसली तिच्यात चार्ल्स कोरिया आणि एडगर रिबेरो यांच्यासारखे जाणते होते. २०२१ सालपर्यंतच्या त्या आराखड्याचा मसुदा गावागावांच्या नकाशांसह ग्रामपंचायतींकडे पाठविला गेला. ज्या भूमीत गावकरीची, म्हणजे कोमुनिदादीची, सामाईक जमीन एकत्र बसून सांभाळण्याची रीत शतकानुशतके चालत आली, तेथे ग्रामसभांतून माणसे त्या नकाशांवर वाकली: खाजन कोणते, कुळागर कोणते, डोंगराच्या कुशीतला झरा कोठे फुटतो, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने उतरते. सारे सुरळीत झाले नाही. अंतिम आराखड्यात गावांनी सांगितले ते उतरले नाही अशा तक्रारी राहिल्या, आणि २०१२ साली नव्या शासनाने तो स्थगित ठेवला. पण झऱ्याची खूण गावच्या माणसाने आपल्या बोटाने दाखविली आणि ती कागदावर घेण्याची मुभा होती, एवढे तरी घडले.

त्याच गोव्यात आणि तळकोकणात घराचा पाया घालण्यापूर्वी ग्रामदेवतेला कौल लावण्याची चाल अजून आहे. पाण्यात भिजविलेल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूंना चिकटवितात, पुजारी गाऱ्हाणे घालतो, आणि घरची माणसे हात जोडून समोर उभी राहतात. कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते दिसेपर्यंत कोणी कुदळीला हात लावीत नाही.